शेगडीमागची इंचभर जागा

१

ग्वेंडा प्राउसचा दिवस राख काढण्याने सुरू व्हायचा. शेगडीचं दार उघडायचं, आदल्या रात्रीचे निखारे एका कोपऱ्यात लोटायचे, राख बादलीत ओतायची, मग बारीक ढलप्या, त्यावर दोन लाकडं आणि वर किटली. सात फूट रुंदीच्या लोखंडी बोटीत सगळं हाताच्या अंतरावर असतं, त्यामुळे एवढी कामं ती एका स्टुलावर बसून, अंगावरची शाल न काढता करायची. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आणखी काय हवं, असं ती स्वतःलाच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची, की गुडघे नवीन मिळाले तर बरं.

बोट तिच्या धाकट्या भावाची, ऑब्रीची. नऊ वर्षं तो एकटा तिच्यावर राहिला, या कालव्यातून त्या कालव्यात हिंडला, आणि गेल्या ऑक्टोबरात एकदम म्हणाला, “ग्वेन, मला आता जमिनीवर राहायचंय. बोट तू घे.” ग्वेंडाच्या घरमालकाने तेव्हा घर विकायला काढलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपली होती, आणि नवरा तर त्याच्याही आधी दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होता. म्हणजे बोट नसती तर ग्वेंडाला डोकं टेकायला जागा नव्हती. आई गेली तेव्हा ऑब्री सात वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येण्यापर्यंत सगळं ग्वेंडाने केलं होतं. त्याची आठवण त्याने ठेवली, या विचाराने ती दोन दिवस रडत होती.

बोट देण्याआधी ऑब्रीने शेगडीमागचं काम नव्याने केलं. शेगडी कोपऱ्यात, भिंतीपासून जेमतेम वीतभर. भिंत म्हणजे लाकडी फळ्या, त्यांच्यामागे थंडी अडवणारा फोम, त्याच्यामागे पत्रा आणि मग पाणी. इतक्या अडचणीत आग पेटवायची तर मध्ये न जळणारा तक्ता लावावा लागतो, आणि तोही भिंतीला चिकटवून चालत नाही. तक्ता आणि भिंत यांच्यात इंचभर फट ठेवायची, खालून आणि वरून उघडी. खालून गार हवा आत जाते, तापून वरून निघते, आणि मागचं लाकूड गार राहतं. ऑब्रीने विझलेली काडी फटीच्या खालच्या तोंडाशी धरून दाखवली. धूर सुळकन आत गेला आणि वरून बाहेर आला.

“ही फट कधी बुजवायची नाही,” तो म्हणाला. “आणि आमची एक रीत आहे, ती लक्षात ठेव. बोटीवर न विचारता कोणी पाऊल ठेवत नाही. बाहेरून ठोकतात. ठोकलं, की आतून मोठ्याने म्हणायचं, ‘चढा!’”

“कोण आहे ते न बघताच?”

“बघत बसलीस तर लोक म्हणतील, नवीन बाई माणूसघाणी आहे.”

ग्वेंडाला काहीही म्हटलेलं चालायचं, हे सोडून. तीस वर्षं रोज तीनशे पोरांना जेवू घातलेली बाई ती. तिने तिथल्या तिथे मोठ्याने “चढा!” म्हणून दाखवलं आणि ऑब्री हसला. जरा जास्तच हसला.

२

पहिल्यांदा ठोकलं ते एकोणीस ऑक्टोबरला, दुपारी चार वाजता. ती केक कापत होती. शेगडीच्या बाजूने, खालच्या अंगाला, तीन टकटकी. घाईच्या नव्हत्या, चांगल्या वळणाच्या माणसाने दारावर वाजवाव्यात तशा.

“चढा!” ग्वेंडा ओरडली आणि सुरी ठेवून हात पुसले.

बोटीवर कोणी पाय ठेवला की बोट त्या बाजूला किंचित दबते, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पोस्टमन चढला तर पोटात नुसतं हलल्यासारखं व्हायचं. कोळशाची बोट चालवणारी डिलिस चढली तर फळीवरच्या बश्या सरकायच्या. आताही बोट दबली. ग्वेंडाने दार उघडलं. पुढच्या डेकवर कोणी नव्हतं. काठावरच्या पायवाटेवर एक बदक उभं होतं, ते तिच्याकडे बघून पाण्यात उतरलं.

पोरं असतील, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चारलाच पुन्हा ठोकलं, तेव्हाही पोरं असतील म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने आधीच दोन कप काढून ठेवले होते, त्याचं तिला नंतर हसू आलं. मग ते रोजचंच झालं. टकटक झाली की ती चुलीवरचं बघत बघत “चढा!” म्हणायची, बोट दबायची, आणि दारात कोणी नसायचं. पत्रा संध्याकाळी थंडीने आवळतो, तो वाजत असेल. दुरून एखादी बोट गेली की पाणी हलतं, त्याने दबत असेल. ग्वेंडा भाबडी नव्हती. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं, आणि तरीही ती रोज उत्तर द्यायची, कारण उत्तर न देणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

नोव्हेंबरात तिच्या लक्षात आलं की सूप वाटीत सरळ राहत नाही. शेगडीच्या बाजूला काठोकाठ, तिच्या बाजूला बोटभर खाली. चमचा टेबलावर ठेवला की लोळत जायचा. कपाटाचं दार आपोआप उघडायचं. सगळी लाकडं शेगडीकडे रचलीत ना, मग बोट कलणारच, असं म्हणून तिने लाकडं समोरच्या बाजूला हलवली. बोट दोन दिवस बरी राहिली. मग तिने कोळशाची पोती हलवली. डिसेंबरात शिवणयंत्र, पुस्तकांची खोकी आणि शेवटी स्वतःची झोपण्याची गादीही. हलवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने पलंगाच्या एका बाजूखाली विटा ठेवल्या आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

नाताळला ऑब्री आला नाही. त्याने मोज्यांचा जोड पाठवला, आणि कार्डावर लिहिलं होतं, “शेजारी भेटायला येतात ना?”

३

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डिलिस धुराडं साफ करायला आली. आली ती डेकवरच थांबली.

“किती माणसं राहतात गं तुझ्याकडे?”

“का?”

“पंगत बसल्यासारखी बोट कललीय एका बाजूला. टाकी फुटलीय का?”

डिलिसने टाकी बघितली. तळातली फळी उचलून हात घालून बघितला. तळ कोरडा ठणठणीत होता. मग तिने बाहेरून पट्टी लावून मोजलं आणि तोंडातली सिगारेट काढली. “हसण्यावारी नेऊ नकोस. तुझं सांडपाण्याचं भोक त्याच बाजूला आहे. अजून चार बोटं कलली की कालवा त्यातून आत येईल. बोटी अशाच बुडतात बाई, बांधल्या जागी, सगळे बाजारात गेलेले असताना.”

ग्वेंडाने विचारलं, “मी कुठे जाऊ मग?”

“जायचं कशाला? शोधू काय आहे ते.” डिलिसने धुराडं झटकलं, गुडघ्यांवर बसली आणि शेगडीमागे टॉर्च मारला. “हे काम कोणाचं? छान आहे. फट बरोबर इंचभर, दोन्हीकडून मोकळी. अशीच हवी.” मग तिने टॉर्च फटीच्या कडेशी नेला. “पण आधी बुजवलेली होती ही. खाली, वर, सगळीकडून. भट्टीचं सिमेंट भरलं होतं, एकावर एक थर, बरीच वर्षं. हे बघ, सुरीने खरवडून काढलंय. कडा अजून पांढऱ्या आहेत.”

“ऑब्रीने माझ्यासाठी नीट करून दिलं,” ग्वेंडा म्हणाली, आणि तिला भावाचं पुन्हा कौतुक वाटलं.

“करून दिलं ते चांगलंच केलं. पण ज्याला काम कळतं तो मुळात बुजवेल कशाला?” डिलिसने काडी ओढून विझवली आणि खालच्या तोंडाशी धरली. धूर आत गेला. दोघी वर बघत राहिल्या. वरून काही आलं नाही. मग, थोडा वेळ आत थांबून, धूर खालूनच परत बाहेर आला.

तेवढ्यात ठोकलं. तीन टकटकी.

“चढा!” ग्वेंडा म्हणाली.

बोट दबली. फळीवरची एक बशी घरंगळत जाऊन तक्त्यावर आपटली. डिलिस भिंतीला हात टेकून हळूहळू उभी राहिली. तिचा चेहरा राखेच्या बादलीसारखा झाला होता.

“काय म्हणालीस आत्ता?”

“चढा. बोटवाल्यांची रीत आहे ना?”

“कसली रीत? मी पाण्यावर जन्मले. आम्ही आधी ‘कोण?’ विचारतो. उत्तर पटलं तर दार उघडतो. न बघता चढा म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. कोणी सांगितलं तुला हे?”

ग्वेंडाने सांगितलं. डिलिसने खिडकीकडे बोट दाखवलं.

“गेल्या आठवड्यात मीच तुझी बोट फिरवून बांधली. काठ आता या बाजूला आहे. शेगडीच्या बाजूला पाणी आहे, ग्वेन. तिकडून ठोकणार कोण?”

४

रविवारी सकाळच्या बसने ग्वेंडा ऑब्रीकडे गेली. साफसूफ दोन खोल्या, खिडकीत कुंड्या, ओव्हनमध्ये मांस भाजत होतं. ऑब्रीने चांगलंच बाळसं धरलं होतं. नऊ वर्षं ज्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती तो माणूस आता झोप झालेल्या मुलासारखा दिसत होता. त्याने तिचा कोट घेतला, गालाला गाल लावला आणि विचारलं, “बटाटे सोलतेस?”

ती सोलायला बसली. हात रिकामे असले की तिला भांडता यायचं नाही.

“फट आधी का बुजवली होतीस?”

ऑब्री गाजर कापत होता. सुरी थांबली नाही, हळू झाली फक्त. “ठोकायचे म्हणून.”

“कोण?”

“मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, हीच भीती. सिमेंट भरलं तरी ठोकायचे, फक्त आवाज लांबून यायचा. नऊ वर्षं मी रोज चार वाजता तोंडावर हात धरून बसलोय, ग्वेन. तुला कल्पना नाही. मग हे घर घेतलं. पहिल्याच दिवशी या भिंतीतून ठोकलं.” त्याने सुरीनेच ओट्यामागची भिंत दाखवली. “त्यांना कोणीतरी ये म्हणायला हवं होतं. कोणीही. माझ्या नात्यातलं.”

“म्हणून मला रीत शिकवलीस.”

“तू म्हणालीस त्या दिवशी इथलं थांबलं. एकोणीस तारीख होती ना? मी त्या रात्री अकरा तास झोपलो.”

ग्वेंडाच्या हातातला बटाटा केव्हाचा सोलून झाला होता, तरी ती सोलतच होती. नवरा गेला तेव्हा तिला राग आला होता. आज राग येत नव्हता. आज नुसतं लाजल्यासारखं होत होतं, आपण इतके दिवस कशाला माया समजत होतो या विचाराने. तो दोन दिवस शेगडीमागे गुडघ्यांवर बसला होता, तिने त्याला तीन वेळा चहा दिला होता, आणि तो तिच्यासाठी हे करत होता.

“तुला दुसरं कोणी मिळालं नाही?”

“दुसऱ्या कोणी माझं ऐकलं नसतं.” हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं की ती बघतच राहिली. मग त्याने विचारलं, “पण तुला त्रास काही नाही ना? एक जण आला, बसला कोपऱ्यात. एकदा म्हटलंस, झालं.”

“एकदा?”

“का? किती वेळा म्हणालीस?”

“रोज,” ग्वेंडा म्हणाली. “तू सांगितलं होतंस, ठोकलं की म्हणायचं. मी रोज म्हणते.”

सुरी आता थांबली. ऑब्री बोटांवर काहीतरी मोजू लागला आणि मध्येच त्याने मुठी मिटल्या.

५

ओव्हन बंद करून तो निघाला, एवढं मात्र खरं. स्वतःच्या गाडीतून, भट्टीच्या सिमेंटचा डबा घेऊन. “बुजवून देतो परत,” तो वाटेत चार वेळा म्हणाला. ग्वेंडा खिडकीबाहेर बघत होती. बुजवून देईल, आणि मग कदाचित माफीही मागेल, असं तिला अजूनही वाटत होतं. चाळीस वर्षांची सवय एका सकाळीत जात नाही.

साडेतीन वाजले होते. कालव्याकाठचं गवत गोठलेल्या दहिवराने पांढरं पडलं होतं आणि दिवसभरात ते वितळलं नव्हतं. डिलिसने आपली बोट मागे आणून बांधली होती आणि जाड दोरांनी ग्वेंडाची बोट काठाकडे ओढून धरली होती. बोट इतकी कलली होती की छतावरची कुंडी पाण्यात गेली होती. “भोकाला दोन बोटं उरलीत!” डिलिस ओरडली. “काय ते लवकर करा!”

ऑब्री बोटीच्या पुढच्या टोकाच्याही पुढे, दहा पावलांवर थांबला. त्याने डबा पुढे केला.

“तू लाव. मी इथून सांगतो कसं लावायचं.”

“तू चढत नाहीस?”

“ग्वेन, मला कसं चढता येईल?” त्याच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं.

तिने डबा घेतला. डेकवर पाय ठेवला तेव्हा बोट तिच्या वजनाने जराही हलली नाही. आत सगळं शेगडीच्या बाजूला घसरून गोळा झालं होतं, पोती, खोकी, स्टूल, बश्यांचे तुकडे. शेगडी सकाळपासून विझलेली होती, पण तक्त्याला हात लावला तर तो उबदार होता. माणूस नुकताच उठून गेलेल्या खुर्चीइतका. ती पोत्यांवरून सरपटत कोपऱ्यात शिरली, शेगडी आणि भिंतीच्या मध्ये खांदा घातला आणि डब्याचं झाकण उघडलं. सिमेंट बोटावर घेऊन तिने फटीच्या तोंडाशी चेहरा नेला. गोल खिडकीतला उजेड बरोबर आत पडत होता.

फटीत लाकूड दिसायला हवं होतं. कापड दिसलं. ओल्या लोकरीचं, दाटीने दाबलेलं, मागे आणखी कापड, त्याच्यामागे आणखी. आणि त्या दोन कापडांच्या मध्ये एका कानाची कड, कडेला पांढरे केस. सगळे अंग तिरकं करून, एकामागे एक उभे होते, इंचभर जागेत जसं उभं राहता येईल तसे. कोणाचाच चेहरा तिच्याकडे नव्हता. सगळ्यांची तोंडं बोटीच्या पुढच्या टोकाकडे होती.

पुढच्या टोकाकडे काठावर ऑब्री होता.

तेव्हा ठोकलं. आतून, तक्त्यावर, तिच्या हनुवटीपाशी. तीन टकटकी.

“ग्वेन!” बाहेरून ऑब्रीचा आवाज आला. “काही बोलू नकोस! ऐकतेस ना? नुसतं बुजव! ते आतच राहू देत!”

कुठेतरी पाणी गुडगुड करत आत यायला लागलं होतं. आतच राहू देत, तो म्हणाला होता. बुजवलं की ते इथेच राहतील, त्यांच्या भाराने बोट जाईल, तिची एकुलती एक जागा जाईल, आणि ऑब्री आपल्या दोन खोल्यांत अकरा तास झोपेल. हे सगळं त्याला कळत होतं. कळत असूनच तो ओरडत होता. ग्वेंडाने बोटाचं सिमेंट शालीला पुसलं.

“उतरा,” ती म्हणाली. आवाज तिलाच ओळखू आला नाही. मग, पाहुण्याला दार दाखवावं तसं, तिने जोडलं, “तो काठावर आहे.”

तो कान हलला.

पहिल्यांदा काठाची बाजू दबली आणि उचलली गेली. मग पुन्हा. मग पुन्हा, एकेक करत, रेटारेटी नाही, पुढच्याचं उतरून होईपर्यंत मागचा थांबत होता. ग्वेंडा सुरुवातीला मोजत होती. तिसाव्यानंतर तिने कोळशाच्या पोत्यात तोंड खुपसलं. दोर सैल पडल्याचा आवाज झाला, गुडगुड थांबली, आणि पलंगाखालच्या विटा निसटून बाजूला पडल्या, कारण बोट सरळ झाली होती.

ती खिडकीशी आली तेव्हा ऑब्री पायवाटेने चालू लागला होता. एकदम पळत सुटला नाही, पावसात सापडलेला माणूस चालतो तसा भराभर. त्याच्या मागचं पांढरं गवत दबत होतं. पायवाटेपुरतं नाही, कुंपणापासून पाण्यापर्यंतचं सगळं, हिरवं पडत, त्याच्या चालीने पुढे सरकत.

डिलिस डेकवर आली. बश्या हलल्या. तिने चढण्याआधी ठोकलं नव्हतं, आणि तिची नजर गवतावरून निघत नव्हती. “एकटाच गेला ना गं तो?” तिने विचारलं.

ऑब्री वळणावर पोचला होता. तिथे तो थांबला, मागे न बघता थांबला, आणि त्याने हाक मारली. “ग्वेन!” सात वर्षांचा असताना, अंधारात पाणी प्यायला उठायची भीती वाटली की तो अशीच मारायचा.

ग्वेंडाने खिडकीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं, आणि त्याने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हाही ओ दिली नाही.